आमच्या मुलांना निरंक म्हणू नका

शालेय शिक्षण विभाग, शिक्षण आयुक्त आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले प्राथमिकचे शिक्षणाधिकारी यांना हा इशारा आहे. याला निवेदन समजू नये. निवेदनं देऊन झाली. प्रत्येकाच्या पोचेवर गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता तारीख देते. येत्या १५ जूनच्या सुमारास राज्यातल्या शाळांची घंटा वाजेल. (विदर्भात ती उन्हामुळे उशिरा वाजते, तेवढे दिवस तिकडच्या साहेबांना जास्तीचे.) त्याच्या आत घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद कुठे, कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात करायची याचा लेखी आदेश निघाला पाहिजे. नाही निघाला तर काय होईल ते पुढे सांगितलं आहे, आणि ते आम्ही करणार आहोत.

‘आम्ही’ म्हणजे कोणी संस्था नाही. लेटरहेड नाही, खजिनदार नाही. मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवणारे माझ्या आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांतले काही पालक आहोत. एक बांधकामाचा ठेकेदार, एक डॉक्टर जोडपं, द्राक्षबागेवर राहणारे दोघं भाऊ, कंपनीचं काम घरून करणारी एक आई, आणि मी. मी दहा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यातली पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून. राजीनामा दिला तेव्हा सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला होता. कायमची सरकारी नोकरी आपणहून सोडणारी सून त्यांनी मालिकेतसुद्धा पाहिली नव्हती. सांगायचा मुद्दा एवढाच की तुमची रजिस्टरं, तुमचे नमुने आणि तुमच्या पळवाटा मला पाठ आहेत. तेव्हा उत्तर द्याल ते ‘बाईंना नियम माहीत नाहीत’ या सुरात देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे आमच्या गल्लीत आला. दोन शिक्षक आणि सोबत केंद्रप्रमुख. तिघंही ओळखीचे, त्यामुळे चपला दारात निघाल्या आणि चहा टाकला गेला. मुलगी ओट्यापाशी तिची गांडूळखताची वही भरत होती. डब्यात आज ओला कचरा किती गेला, आतलं तापमान किती, पाणी किती शिंपडलं. तिची सरासरी, शेकडेवारी आणि आलेख सगळं त्या वहीतून झालेलं आहे. मुलगा जिन्यावर एसटीचं वेळापत्रक घेऊन बसला होता. नाशिकहून सुटलेली गाडी आणि धुळ्याहून सुटलेली गाडी एकमेकींना कुठे ओलांडतील ते त्याला काढायचं होतं. केंद्रप्रमुखांनी दोघांची चौकशी केली. मुलाच्या गणितात एक चूकही काढली, चांदवडचा थांबा तो विसरला होता.

मग त्यांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला. कधीच दाखल न झालेली मुलं एका बाजूला, दाखल होऊन महिनाभर सलग गैरहजर असलेली दुसऱ्या बाजूला. पुढे कारणं: स्थलांतर, मजुरी, लहान भावंड सांभाळणं, आजारपण, इतर. पेन एकेका रकान्यावरून फिरलं आणि थांबलं.

“मॅडम, तुम्हाला कुठे टाकू?”

“आहे ते लिहा, सर. घरी शिकतात.”

“त्याला रकाना नाही ना.”

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “असं करा, आपल्या शाळेत दोघांची नावं घालून ठेवा. पोरांना पाठवलं नाही तरी चालेल. हजेरीचं तिथले लोक बघतील. पटावर दोन वाढले तर त्यांचंही भलं होईल, एक पोस्ट जायला टेकलीय.”

मी नाही म्हटलं. त्यांनी दोघांना ‘इतर’मध्ये टाकलं, चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला आणि निघाले. माणूस सज्जन आहे, माझ्या भल्याचंच बोलत होता. राग त्याच्यावर नाही. एका सज्जन माणसाला माझ्या घरात बसून मला खोटं बोलायचा सल्ला द्यावा लागतो, आणि त्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात सोपा मार्ग असतो, याचा राग आहे. आमच्यातल्या निम्म्याहून अधिक घरांना हाच सल्ला मिळाला आहे. काहींनी तो मानलाही. त्यांची मुलं आज कुठल्या तरी शाळेच्या हजेरीपटावर रोज हजर असतात आणि तिथल्या वर्गाची दारं त्यांनी कधी पाहिलेलीसुद्धा नाहीत. नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये, असं अकरावी-बारावीच्या ‘इंटिग्रेटेड’वाल्यांनी जे उघडपणे केलं, तेच आता पहिली-दुसरीत चोरून चाललं आहे.

खोटा पट म्हणजे काय हे मी जवळून पाहिलं आहे. ऑक्टोबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा मी शिक्षणसेवक होते. एकच पोर दोन शाळांत उभं राहू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाला लावतात तशी शाई लावली. माझ्या वर्गातली एक चिमुरडी शाई सुकेपर्यंत बोट वर धरून बसली होती आणि विचारत होती, “बाई, आता मी मत देऊ शकते का?” पडताळणी संपली आणि राज्याच्या हिशेबात सुमारे २० लाख नावं अशी निघाली, ज्यांना शाई लावायला बोटच नव्हतं. त्या नावांवर तुकड्या मंजूर झाल्या होत्या, पदं निघाली होती, तांदूळ उचलला गेला होता. जे खातं अस्तित्वातच नसलेली २० लाख पोरं वर्षानुवर्षं कागदावर सांभाळू शकलं, त्याला माझ्या ओट्यापाशी बसलेली दोन लिहिता येत नाहीत.

सर्व्हेनंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दोनच प्रश्न होते. आपल्या कार्यक्षेत्रात ६ ते १४ वयोगटातली किती मुलं घरी शिकतात? त्यांची नोंद कोणत्या नमुन्यात ठेवली जाते? अठ्ठावीस दिवसांनी उत्तर आलं. पहिल्यासमोर ‘निरंक’, म्हणजे शून्य; दुसऱ्यासमोर ‘लागू नाही’. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ‘निरंक’ हा शब्द नवा नाही. तक्रारी निरंक, प्रलंबित प्रकरणं निरंक, अपहार निरंक. मी ते पत्र वाचत होते तेव्हा माझा निरंक मुलगा शेजारच्या खोलीत खोकत होता आणि निरंक मुलगी त्याला गुळण्यांचं पाणी गरम करून देत होती.

इथेच खातं स्वतःच्या कायद्यात अडकतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा काढा आणि कलम ९ चा खंड (घ) वाचा. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा अभिलेख ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. शब्द ‘राहणाऱ्या’ असा आहे. ‘दाखल झालेल्या’ असा नाही. म्हणजे माझ्या मुलांची नोंद ठेवून तुम्ही माझ्यावर उपकार करणार नाही. ती न ठेवून तुम्ही कायदा मोडत आहात, आणि त्याचा पुरावा तुमच्याच सहीने माझ्याकडे पाठवला आहे. ‘निरंक’ हा शब्द आता आमच्या फाइलीतला पहिला कागद आहे.

तुम्ही कलम १० दाखवाल याची कल्पना आहे. आपलं मूल शेजारच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य असेल, असं त्यात आहे. आम्ही ते लपवत नाही. पण त्याच कायद्यात कलम ८ खाली ‘सक्तीचं शिक्षण’ या शब्दांचं स्पष्टीकरण दिलं आहे, आणि ती सक्ती सरकारवर आहे: शिक्षण पुरवण्याची, प्रवेश, हजेरी आणि पूर्तता यांची खात्री करण्याची. कलम १० मोडणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड ठेवलेला नाही. हे नजरचुकीने राहिलं असं मला वाटत नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला याच कायद्याच्या कलम १८ मध्ये १ लाखापर्यंत दंड आहे आणि पुढे दर दिवसाला १० हजारांपर्यंत. जिथे दंड हवा होता तिथे तो लिहिला आहे. तेव्हा आमच्या दाराला चिकटवायला धाकाच्या नोटिसा छापू नका. आमच्यातल्या एका घराला अशी नोटीस आली आहे. त्यात ‘कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ असं आहे, कोणत्या कलमाखाली ती जागा कोरी आहे.

हा गोंधळ महाराष्ट्राने एकट्याने केलेला नाही, हेही न्यायाने म्हणायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीने या कायद्याविरुद्ध दाद मागितली होती. त्यात जुलै २०१२ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रतिज्ञापत्र दिलं की घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. नंतर त्याच मंत्रालयाने ती भूमिका मागे घेतली. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना कायद्यातून वगळलं. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. म्हणजे घर हे शिकण्याचं ठिकाण असू शकतं, हे या देशाच्या कायद्याने आधीच मान्य केलं आहे. आम्ही नवं काही शोधून काढलेलं नाही. आणि मार्च २०२० नंतरचे महिने आठवा. राज्यातलं एकूण एक मूल घरात होतं, आणि शाळा बंद असल्या तरी शिक्षण चालू आहे असं तुम्हीच रोज सांगत होता. आमच्यातली दोन घरं तेव्हापासूनची आहेत. त्या काळात घरी होणारं शिक्षण हे शिक्षण होतं, मग ते ‘इतर’ कधी झालं?

आता आमच्या लोकांना जे आवडणार नाही ते लिहिते, कारण हा इशारा त्यांनाही आहे.

महाराष्ट्रात ‘सक्ती’ ही शिवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती आणली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात. गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं. ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, आणि पाडणाऱ्यांत सरकारी गोरे साहेब एकटे नव्हते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. ही माणसं कोणासाठी भांडत होती ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्यातल्या कोणी सभेत उठून ‘शाळा म्हणजे तुरुंग’ असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. ज्यांच्या सात पिढ्यांना त्या तुरुंगाच्या पायरीवर उभं राहू दिलं नव्हतं, त्यांच्यासमोर हे बोलायला जीभ कशी रेटते?

आणि घर म्हणजे काय, तेही मी पाहिलं आहे. नोकरीच्या पाचव्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. मी घरी गेले. बाप ओसरीवर होता. “घरी शिकते की, बाई. तिची आत्या बारावी झालेली आहे, ती घेते अभ्यास.” आतून मुलगी आली. कोपरापर्यंत हात पिठात, कडेवर भाऊ. मी तिला वही दाखव म्हटलं. तिने बापाकडे पाहिलं. मग आत जाऊन माझ्याच वर्गातली जुनी वही घेऊन आली, शेवटची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची. मी केंद्रावर कळवलं, पुन्हा दोनदा गेले. उन्हाळ्यात पत्रिका आली. लग्न दुसऱ्या तालुक्यात होतं आणि पत्रिकेवर तिचं वय अर्थातच नव्हतं.

‘घरी शिकते’ हे दोन शब्द त्या बापाचेही होते आणि आज माझेही आहेत. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, हे सरकारने माझ्या चेहऱ्यावरून, माझ्या आडनावावरून किंवा माझ्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटावरून ठरवावं, असं मला वाटत नाही. ते बघून ठरवावं. वर्षातून एकदा मुलाला समोर बसवावं, त्याची वही बघावी, त्याच्याशी एकट्याशी बोलावं. हा तपास मला मान्य आहे. मान्य आहे असं नाही, तो मला हवा आहे.

व्हॉट्सॲपवर आमचे काही पालक अमेरिकेतल्या पालकांचे विजय एकमेकांना पाठवत असतात. नातेवाईक तिकडे असतात, त्यांच्याकडून येतं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावचा प्रकारही वाचावा. तिथल्या कायद्यात घरी शिकवणारा बाप आपलं घरच खासगी शाळा म्हणून नोंदवू शकतो. पुढे कोणी फिरकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये अशाच एका ‘शाळे’च्या खिडकीतून एक मुलगी निसटली तेव्हा तेरा भावंडं सापडली, उपाशी ठेवलेली, काही साखळीने बांधलेली. त्यानंतर अशा घरांची पाहणी व्हावी म्हणून विधेयक आलं. पालकांनी तासन्‌तास रांगा लावून विरोध नोंदवला आणि ते समितीतच मेलं. रांगेत उभे असलेले बहुतेक पालक चांगलेच असणार, माझ्यासारखेच. पण आपण चांगले आहोत एवढ्या भांडवलावर दुसऱ्याच्या घराचं दार बंद ठेवायला त्यांनी मदत केली. इंग्लंडमध्ये २०२३ साली घरी शिकवतो म्हणून शाळेतून काढलेल्या दहा वर्षांच्या मुलीचा तिच्या बापाने आणि सावत्र आईने काही महिन्यांत जीव घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेत शाळेबाहेरच्या मुलांची नोंदवही सक्तीची करणारं विधेयक आलं, तेव्हाही काही पालक रस्त्यावर आले. मी तिथे असते तर त्यांच्यात नसते.

म्हणून आमच्या गटातल्या प्रत्येक घराला ही शेवटची ताकीद. १५ जूननंतर आमच्या यादीत तेच नाव राहील जे उघड राहायला तयार आहे. खोट्या शाळेत नाव घालून ठेवलेलं असेल तर आधी ते काढून या. मुलाला दाखवायला तयार नसाल तर आमच्याबरोबर येऊ नका. आणि फ्लॅटमध्ये बारा-पंधरा मुलं गोळा करून, शाळेपेक्षा जास्त फी घेऊन, दाराबाहेर ‘होमस्कूलिंग सेंटर’ची पाटी लावणारे जे निघाले आहेत, त्यांनी तर आमचं नावही घेऊ नये. घर एकाचं, मुलं पंधरा जणांची, पावती बारा महिन्यांची: याला मराठीत शाळा म्हणतात. ती चालवायची असेल तर मान्यता घ्या. कलम १८ चा दंड तुम्हाला बसला तर आम्ही अर्ज लिहून द्यायलाही येणार नाही.

मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या दाखल्याशिवाय २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत गेली, संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर; बारावी नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. हे उदाहरण आमच्यात फार नाचवलं जातं. कृपा करून थांबवा. आपली बहुतेक मुलं साधी आहेत, माझी दोन्ही तर नक्कीच. साध्या मुलाला दार उघडं हवं म्हणून हे भांडण आहे.

ती दारं कशी बंद आहेत ते खात्याला माहीत नसेल तर सांगते. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेचा अर्ज शाळेमार्फत. शालेय क्रीडा स्पर्धेत धावायचं तर शाळेचा शिक्का. विद्यार्थ्याला आता देशभर चालेल असा अपार क्रमांक मिळतो, पण तो शाळेच्या यू-डायसमधून निघतो आणि आमच्या घराला यू-डायस क्रमांक नाही. बाहेरून दहावीला बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जे मूल कधी शाळेत गेलंच नाही त्याने ती सोडावी कशी? राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी-आठवीची परीक्षाही ते घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षं पूर्ण झालेल्याला दहावीला बसवते. ही दोन दारं उघडी आहेत म्हणून आम्ही टिकून आहोत, हे मान्य करायला हवं. पण सहाव्या वर्षापासून त्या दारांपर्यंतची वर्षं आमचं मूल सरकारी भाषेत शाळाबाह्य असतं, ऊसतोडीच्या फडावरच्या पोरासारखं. शाळेत परतायचं दारही तसंच आहे. माझा मुलगा दुसरीत असताना एका शाळेत बोलायचाच थांबला होता, अडखळतो म्हणून. आता तो एसटीच्या कंडक्टरशीही वाद घालतो. उद्या त्याला पुन्हा शाळेत जावंसं वाटलं तर? कायद्याचं कलम ४ सांगतं की वयानुरूप वर्गात घ्या. प्रत्यक्षात आम्ही तीन शाळांत विचारलं आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: “आधीच्या शाळेचा दाखला?”

तेव्हा आदेशात काय हवं ते स्पष्ट लिहिते, म्हणजे ‘मागणी संदिग्ध’ असा शेरा मारायला जागा राहणार नाही. सर्व्हेच्या नमुन्यात ‘घरी शिक्षण घेत आहे’ असा वेगळा रकाना, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याचं रजिस्टर. पालक कळवतील आणि खातं नोंद करेल. परवानगीची भानगड नको. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने कळवण्याऐवजी परवानगी आणली, आणि तिथे आता बहुतेक घरांना दरवर्षी कारण पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे परवानगी म्हटलं की टेबल आलं, टेबल आलं की ते कसं सरकतं ते मी दहा वर्षं पाहिलं आहे. नोंद झालेल्या मुलाची वर्षातून एकदा समक्ष भेट, शिक्षकाकडून, मुलाच्या वयाला धरून. मुलगी असेल तर भेटणाऱ्यांत एक बाई. भेटीत मूल शिकत नाही असं दिसलं तर सहा महिन्यांनी पुन्हा भेट, आणि तेव्हाही तसंच असेल तर त्याला शाळेत घाला, आम्ही आडवे येणार नाही. नोंदीचा क्रमांक परीक्षांच्या अर्जांना चालला पाहिजे. आणि परत यायचं दार त्याच क्रमांकावर, दाखला न मागता. एवढंच आहे. पैसा मागत नाही, पुस्तकं मागत नाही, तांदूळही नको.

१५ जूनपर्यंत हा आदेश निघाला नाही, तर त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळी घरं आपापल्या मुलांच्या नोंदी कलम ९ (घ) खाली स्वतः तयार करून, प्रतिज्ञापत्रासह, जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकांत दाखल करू. त्या स्वीकारल्या नाहीत तर नाकारल्याचं लेखी द्यावं लागेल. ते मिळेपर्यंत आवकच्या खिडकीपासून आम्ही हलणार नाही. तीस दिवसांत नोंद झाली नाही तर उच्च न्यायालयात परमादेशाची याचिका. वकील ठरले आहेत, मसुदा तयार आहे, परिशिष्ट एकला तुमचं ‘निरंक’ लावलं आहे. आणि ज्या शाळेच्या पटावर आमच्यापैकी कोणाच्याही मुलाचं नाव आम्हाला न विचारता चढलेलं आढळेल, त्या शाळेविरुद्ध त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार होईल. ती करताना समोरचा माणूस ओळखीचा आहे का, त्याची पोस्ट जाते आहे का, हे मी पाहणार नाही. केंद्रप्रमुख सर, हे तुम्हालाही आहे. चहा प्यायला मात्र केव्हाही या.

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर असू. मुलं सोबत असतील. ज्याला तपासायचं असेल त्याने तिथेच तपासावं, खडू-फळा आम्ही आणू. मुलगी गांडूळखताचा डबाही आणते म्हणत होती. मी वहीच पुरे म्हटलं आहे, पण ती ऐकेल असं दिसत नाही. साहेबांनी टेबलावर थोडी जागा मोकळी ठेवावी.